कांद्याचा हिशेब आणि राज्यसभेंतलें एक मत

शहरांतल्या सुशिक्षित कुटुंबांत शेतकऱ्याची आठवण सहसा दोन प्रसंगीं होते. पाऊस लांबला म्हणजे एकदां, आणि कांदा महागला म्हणजे दुसऱ्यांदा. पहिल्या आठवणींत थोडी दया असते, दुसरींत तीही नसते. ठाणें, डोंबिवली, कल्याण येथून सकाळच्या गाडीनें मुंबईस कामावर जाणाऱ्या आमच्या वर्गाला भाजीच्या पिशवीपलीकडचें शेत ठाऊक नाहीं, असें म्हटलें तर कोणी रागावूं नये. एके काळीं यांतल्या पुष्कळ घराण्यांची कोंकणांत अगर देशावर थोडीबहुत जमीन होती. १९४८ सालीं कूळकायदा आला, पुढें १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि जमीन कसणाऱ्या कुळाकडे गेली. तिच्याबरोबर जमिनीविषयींचें ज्ञानही गेलें, असें आपण म्हणतों. खरें पाहतां तें ज्ञान त्याच्या पुष्कळ आधीं गेलें होतें. आपल्याकडे उरला होता तो खंड.

अशाच एका पांढरपेशा ब्राह्मण घरांत जन्मलेल्या गृहस्थानें, चाळिशी ओलांडल्यावर, परदेशांतली उत्तम पगाराची नोकरी सोडून पुणें जिल्ह्यांतलें कोरडवाहू रान विकत घ्यावें, तेथें तोट्याची शेती करावी, त्या तोट्याचा हिशेब मांडावा, आणि तो हिशेब घेऊन आधीं रस्त्यावर, मग सरकारी समित्यांत आणि शेवटीं राज्यसभेंत जावें, ही हकीकत आमच्या तरुण वाचकांस कल्पित कथेसारखी वाटण्याचा संभव आहे. पण ती घडलेली आहे. कै. शरद जोशी यांची ती कारकीर्द होय. त्यांच्या सभा आमच्या गांवांत फारशा झाल्या नाहींत, आणि त्यांचे अनुयायी लोकल गाड्यांतून प्रवास करणारे नव्हते. तरी त्यांनीं आयुष्यभर जो प्रश्न विचारला तो ज्यांना उद्देशून होता, ते आपणच होतों.

अमेरिकेंत गुरांचे मोठाले कळप बाळगणारे शेतकरी राज्याच्या विधिमंडळांत निवडून जातात, आणि मुदत संपली कीं त्याच विधिमंडळाच्या ओसरीवर उभे राहून आपल्या धंद्याची बाजू सभासदांच्या कानीं घालतात. त्या ओसरीला तिकडे लॉबी म्हणतात व त्यावरून त्या वकिलीलाही तेंच नांव पडलें आहे. आमच्याकडे हा शब्द नाक मुरडूनच उच्चारला जातो. साखर कारखानदारांची लॉबी, बिल्डरांची लॉबी, असें म्हणण्याची रीत आहे. कांदेवाल्यांची लॉबी असें कोणी म्हणत नाहीं, कारण अशी कांहीं वस्तु असूं शकते हेंच १९८० पूर्वीं कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. जोशी यांचा क्रम मात्र अमेरिकेंतल्या क्रमाच्या उलट होता. ते आधीं वकील झाले आणि सभागृहांत पुष्कळ उशिरां गेले.

शरद अनंतराव जोशी यांचा जन्म ३ सप्टेंबर १९३५ रोजीं सातारा येथें झाला. मुंबईच्या सिडनॅहॅम कॉलेजांतून वाणिज्याची उच्च पदवी घेऊन ते स्पर्धापरीक्षेनें केंद्र सरकारच्या टपालसेवेंत अधिकारी झाले. (टपालखात्याविषयीं आम्हां संस्कृताच्या विद्यार्थ्यांना विशेष ममत्व आहे, १९७२ सालीं पिनकोडाची पद्धत आंखून देणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हेही याच खात्यांतले, आणि ते संस्कृत कवि होते.) दहा वर्षांच्या नोकरीनंतर १९६८ सालीं जोशी स्वित्झर्लंडमधील बर्न येथें विश्वटपालसंघाच्या कचेरींत गेले. हा संघ १८७४ पासूनचा. तेथें पगार भरपूर, हवा निर्मळ, आणि मुलींच्या शिक्षणाची सोय उत्तम. असें असतां १९७७ च्या सुमारास ते सहकुटुंब परत आले, आणि चाकणपासून जवळच असलेल्या आंबेठाण या गांवीं त्यांनीं वीस एकरांहून कांहीं अधिक कोरडवाहू जमीन घेतली. पुढें या शेताचें नांव 'अंगारमळा' असें पडलें.

हें सर्व त्यागाच्या भावनेनें केलें असा समज पुष्कळांचा आहे. खुद्द जोशी यांना तो समज आवडत नसे. दरिद्री देशांचें दारिद्र्य कशानें हटेल याविषयीं परदेशांतल्या कचेऱ्यांतून जे जाड अहवाल निघतात त्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता, आणि दारिद्र्याचें मूळ कोरडवाहू शेतींत आहे असें त्यांना वाटूं लागलें होतें. तेव्हां तें मूळ स्वतः खणून पाहावें, हा त्यांचा हेतु. आम्हांस हा हेतु त्यागापेक्षां अधिक मोलाचा वाटतो. त्याग करणारी माणसें आपल्या समाजांत पूर्वींपासून होतीं. तोट्याची वही नीट लिहिणारीं फार थोडीं झालीं.

कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्राच्या आरंभीं चार विद्या सांगितल्या आहेत: आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीति. यांपैकीं वार्ता म्हणजे शेती, पशुपालन आणि व्यापार. आमच्या घराण्यांनीं पहिल्या दोहोंचा अभिमान बाळगला, चौथीच्या आश्रयानें कारकुनी केली, आणि तिसरी दुसऱ्यांच्या गळ्यांत घालून तिजविषयीं उपदेश मात्र चालू ठेविला. शेतकरी कर्जबाजारी कां होतो? तर तो लग्नांत खर्च करतो, व्यसनें करतो, आळशी आहे, अडाणी आहे, नवें खत घालीत नाहीं. ही यादी आम्हीं शाळेंतल्या निबंधांच्या वह्यांतून शेंकडों वेळां वाचली आहे. जोशी यांच्या शेतावर यांतलें एकही कारण लागू पडत नव्हतें. मालक सुशिक्षित, भांडवल स्वतःचें, व्यसन नाहीं, खतांचा व बियाणांचा अभ्यास केलेला. आणि तरीही वर्षअखेर जमाखर्च जुळेना. तेव्हां खोट माणसांत नाहीं, बाजारांत मिळणाऱ्या भावांत आहे, हा त्यांचा निष्कर्ष.

तो निष्कर्ष समजण्यास कांद्याचें थोडें शास्त्र सांगणें जरूर आहे. पावसाळी कांदा दिवाळीच्या आगेंमागें निघतो. तो पाणीदार असतो आणि टिकत नाहीं, मिळेल त्या भावाला विकावा लागतो. उन्हाळी कांदा मार्च-एप्रिलांत निघतो. तो चाळींत हवेशीर रचून ठेविला तर चार-पांच महिने राहतो, पण ठेवण्यास चाळ हवी व घरांत पैसा हवा. ज्याच्याकडे दोन्ही नाहींत तो काढणीबरोबर गाडी भरतो, आणि सर्वांच्या गाड्या एकाच आठवड्यांत बाजारांत आल्या कीं भाव कोसळतो. त्या काळीं आडत, हमाली, तोलाई व गाडीभाडें हीं सर्व शेतकऱ्याच्या विक्रींतून वजा होत, आणि बाकी जो हिशेबाचा कागद हातीं पडे त्याला पट्टी म्हणत. भाव फारच पडला तर वजावट विक्रीहून जास्त होई, आणि माल देऊन वर शेतकऱ्यानेंच पदरचे पैसे भरावे अशी पट्टी येई. तिला 'उलटी पट्टी' असें नांव आहे. हा शब्द शहरांतल्या आमच्या वर्गाला परका. कारण पगाराची उलटी पट्टी अद्याप कोणी पाहिलेली नाहीं.

येथपर्यंतचें दुःख निसर्गाचें व बाजाराचें म्हणतां येईल. जोशी यांचा आरोप पुढें सुरू होतो. पीक भरपूर आल्यावर भाव पडतो तेव्हां सरकार स्वस्थ बसतें. पण कधीं नव्हे तो भाव चढूं लागला कीं सरकार धांवत येतें. निर्यात बंद करतें, साठ्यावर मर्यादा घालतें, जिल्हाबंदी करतें, परदेशांतून माल आणवतें, धान्याची लेव्ही वसूल करतें. १९५५ च्या जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्यानें या सर्वांस आधार मिळाला. म्हणजे मंदीचा तोटा शेतकऱ्याचा आणि तेजीचा नफा मात्र कोणाचाच नाहीं. हें अजाणतां होत नसून कारखानदारीस स्वस्त कच्चा माल व शहरांतल्या नोकरदारांस स्वस्त अन्न मिळावें म्हणून जाणून-बुजून चालविलेलें धोरण आहे, असें ते म्हणत. शहरांतल्या त्या राष्ट्राला ते 'इंडिया' म्हणत आणि खेड्यांतल्या राष्ट्राला 'भारत'. आम्हांस ही विभागणी प्रथम कानाला कर्कश लागली. पण कल्याणच्या बाजारसमितींत आलेल्या गोणीवरचा भाव आणि डोंबिवलींतल्या गाडीवरचा भाव यांमधलें अंतर ज्यानें एकदां मोजलें आहे त्याला ती सर्वस्वीं खोटी म्हणतां येणार नाहीं.

१९७९ सालीं चाकण येथें शेतकरी संघटना स्थापन झाली, आणि 'वारकरी' नांवाचें एक साप्ताहिक निघूं लागलें. चाकणच्या कांद्याच्या प्रश्नावर पुणें-नाशिक रस्ता अडविण्यांत आला. पण जोशी यांचें नांव घरोघर पोंचलें तें नोव्हेंबर १९८० मधील नाशिकच्या आंदोलनानें. उसाला टनामागें ३०० रुपये आणि कांद्याला क्विंटलमागें ५० ते ७० रुपये, एवढीच मागणी होती. किलोवर आणून पाहिलें तर कांद्याला ५० ते ७० पैसे. एवढ्यासाठीं हजारों शेतकरी मुंबई-आग्रा रस्त्यावर व रुळांवर येऊन बसले, तुरुंग भरले, आणि खेरवाडी येथें पोलिसांच्या गोळीबारांत दोन शेतकरी मृत्यु पावले. कल्याणच्या फलाटावर उभे राहून ईशान्येकडे पाहिलें तर जो लोहमार्ग कसाऱ्याचा घाट चढून जातो त्याच मार्गावर ही घटना घडली. आपल्या दाराशीं येणारा कांदाही त्याच मार्गानें येतो.

पुढच्याच वर्षीं निपाणीस विडीच्या तंबाखूच्या भावासाठीं शेतकरी रस्त्यावर बसले. मार्च १९८१ मध्यें सुरू झालेला तो ठिय्या तीन आठवडे शांततेनें चालला. शेतकऱ्यांनीं रस्त्यावरच वस्ती केली. ६ एप्रिल रोजीं गोळीबार झाला व बारा माणसें मरण पावलीं. बारा. धर्म, भाषा, जात, यांतल्या कशासाठींही नव्हे, तंबाखूच्या भावासाठीं. भाव हा विषय किती गंभीर असूं शकतो हें आमच्या वर्गाला त्या दिवशीं कळावयास हवें होतें. पण वर्तमानपत्राचें पान उलटलें गेलें.

जोशी यांच्या सभांचें वर्णन ज्यांनीं ऐकलें त्यांच्याकडून आम्हीं ऐकलें आहे, आणि तीं भाषणें छापलेलींही आहेत. त्यांत आवेशापेक्षां अध्यापन अधिक आहे. उत्पादनखर्च कसा काढावा, घरच्या माणसांची मजुरी त्यांत कां धरावी, बैलाची झीज कशी मोजावी, अशा गोष्टी लाखाच्या समुदायासमोर फळ्यावर लिहिल्यासारख्या सांगणारा दुसरा पुढारी आमच्या पाहण्यांत नाहीं. आंबेठाणास कार्यकर्त्यांचीं शिबिरें भरत. छातीवर लाल बिल्ला लावलेला कुणबी अगर माळी तरुण गांवीं परत गेला कीं तलाठ्याशीं व सोसायटीच्या सचिवाशीं आंकड्यांत बोलूं लागे. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही त्यांची घोषणा. कर्जाच्या बाबतींतही त्यांनीं 'माफी' हा शब्द टाकून 'मुक्ति' हा घेतला. अपराध ज्यानें केला नाहीं त्याला माफी कसली, हा त्यांचा युक्तिवाद. शब्दाची अशी पारख आमच्या व्याकरणाच्या तासालाही दुर्मिळ.

एक ब्राह्मण मनुष्य बहुजनसमाजाच्या शेतकऱ्यांचा नेता झाला, ही गोष्ट महाराष्ट्रांत सोपी नव्हती. जोतीराव फुले यांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहून ज्या वर्गावर फटके ओढले तो आमचाच वर्ग. जोशी यांनीं तो असूड नाकारला नाहीं. फुले यांना त्यांनीं आपल्या विचाराचे पूर्वज मानलें, आणि फुले यांच्या काळीं शेतकऱ्याला लुटणारी जी व्यवस्था होती तिच्यांतले धनी बदलले, लूट राहिली, असा पुढचा हिशेब मांडला. त्यांच्या जातीचा उल्लेख विरोधकांनीं वेळोवेळीं केला. पट्टी हातांत घेऊन उभ्या असलेल्या माणसावर त्याचा परिणाम थोडा झाला, एवढेंच आम्ही म्हणूं.

त्यांच्या कार्यांतला जो भाग आम्हांस सर्वांत आवडतो तो भावाविषयींचा नाहीं. ९ व १० नोव्हेंबर १९८६ रोजीं नाशिक जिल्ह्यांतील चांदवड येथें त्यांनीं शेतकरी स्त्रियांचें अधिवेशन भरविलें. लाखाहून अधिक स्त्रिया जमल्या. खेड्यांतली सून घुंगट मागें सारून व्यासपीठावर चढून बोलली, ही त्या काळांत लहान गोष्ट नव्हे. पुढें 'लक्ष्मीमुक्ति' नांवाची मोहीम निघाली. जमिनींत राबते बाई आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यावर नांव फक्त पुरुषाचें, हें ऋण फेडावयाचें तर नवऱ्यानें स्वखुशीनें जमिनीचा कांहीं भाग बायकोच्या नांवें करून द्यावा, असें संघटनेनें सांगितलें, आणि ज्या गांवीं शंभर कुटुंबांनीं असें केलें तेथें जोशी स्वतः जात. हजारों शेतकऱ्यांनीं असे उतारे बदलून घेतले. कायद्याची सक्ति नाहीं, अनुदान नाहीं. आमच्या वाचकांपैकीं किती जणांच्या राहत्या जागेच्या कागदावर घरांतल्या स्त्रीचें नांव आहे, हें ज्यानें त्यानें आपली पेटी उघडून पाहावें.

आतां त्यांच्या मताची जी बाजू आम्हांस लंगडी वाटते तीही सांगितली पाहिजे, आणि त्याकरितां लांब जावयास नको. आमच्या ठाणें जिल्ह्यांत (पालघर तेव्हां वेगळा नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ रोजीं झाला) शेतकऱ्याच्या चळवळीचा इतिहास निराळा आहे. १९४५ सालीं तलासरी-उंबरगांवकडचे वारली उठले ते भावासाठीं नव्हे. वेठबिगार व लग्नगडीपणा यांतून सुटण्यासाठीं. गोदावरी परुळेकर त्यांच्या पुढारी होत्या. त्या वारल्याजवळ विकण्यास धान्य नव्हतें. आजही शहापूर-मुरबाडच्या डोंगरपट्टींत असा भातशेतकरी आहे कीं ज्याचें भात शिमग्यापर्यंतही पुरत नाहीं आणि मग तो वीटभट्टीवर जातो. भाताचा भाव वाढला तर तो विकणारा म्हणून थोडा सुखावेल कीं विकत घेणारा म्हणून अधिक पोळेल? जोशी म्हणत कीं शेतींत पैसा आला तर मजुरीही चढते, आणि लहान शेतकरी व मोठा शेतकरी असा भेद करणारे लोक दोघांनाही लुबाडतात. यांत तथ्य आहे. पण सगळें तथ्य नाहीं. चाकणचा व लासलगांवचा शेतकरी बाजारासाठीं पिकवितो; त्याच्या अनुभवावर बांधलेलें शास्त्र घाटाखालीं उतरतांना थोडें अडखळतें.

१९९० सालीं जोशी यांच्या कारकिर्दीला वळण लागलें. विश्वनाथ प्रताप सिंग यांच्या सरकारनें त्यांना शेतीविषयक स्थायी सल्लागार समितीचें अध्यक्ष केलें व मंत्र्याचा दर्जा दिला. रस्त्यावर जें ओरडून सांगितलें तें आतां टिपणींत लिहावयाचें होतें. त्याच वर्षीं महाराष्ट्राच्या विधानसभेंत जनता दलाच्या साहाय्यानें संघटनेचे पांच आमदार गेले. पुढें डंकेल प्रस्तावाचा वाद माजला तेव्हां देशांतल्या बहुतेक शेतकरी पुढाऱ्यांनीं, कर्नाटकांतल्या नंजुंडस्वामींसारख्यांनीं तर फारच जोरानें, त्या प्रस्तावास विरोध केला. जोशी यांनीं त्याचें स्वागत केलें. जगाचा बाजार मोकळा झाला तर आमच्या शेतकऱ्याला अनुदानाची गरज नाहीं; आमच्या सरकारनें त्याला दिलेलें अनुदान मुळांत उणें आहे, असें त्यांनीं आंकड्यांनिशीं मांडलें. जनुक बदललेल्या कापसाच्या बियाण्यासही ते अनुकूल होते. वाजपेयी यांच्या काळांत शेतीच्या कृतिदलाचें अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलें. एवढ्या काळांत सरकारें बदललीं, मागणी बदलली नाहीं, हें विशेष. दिल्लीच्या ओसरींत पुष्कळांच्या मागण्या यजमानाप्रमाणें बदलतात.

परंतु चळवळ आणि निवडणूक यांचें त्यांना जमलें नाहीं. २ ऑक्टोबर १९८९ रोजीं दिल्लीच्या बोट क्लबावर उत्तरेकडच्या टिकैत यांच्याबरोबर भरलेली सभा व्यासपीठावरच मोडली. १९९४ सालीं त्यांनीं स्वतंत्र भारत पक्ष काढला, स्वतः उभे राहिले आणि पडले. ज्या शेतकऱ्यानें त्यांच्या शब्दाखातर तुरुंग पाहिला त्यानेंच मत मात्र आपल्या जुन्या पुढाऱ्याला दिलें. याचें आम्हांस नवल वाटत नाहीं. रस्त्यावर बसणें हा एका दिवसाचा निर्धार आहे. मतदान करतांना साखर कारखाना, पतपेढी, सोयरीक आणि गांवचें भांडण हीं सर्व पेटीजवळ उभीं असतात.

शेवटीं २००४ सालीं शिवसेना व भारतीय जनता पक्ष यांच्या पाठिंब्यानें ते राज्यसभेंत गेले. हा पाठिंबा संघटनेंतल्या अनेकांना रुचला नाहीं. राजू शेट्टी यांनीं वेगळी 'स्वाभिमानी' संघटना काढली, आणि पुढें ते लोकसभेंत निवडूनही आले. गुरूला जें साधलें नाहीं तें शिष्यानें गुरूला सोडून साधलें.

राज्यसभेंतल्या सहा वर्षांत जोशी यांच्या नांवावर मोठा कायदा नाहीं. एकट्या पक्षाच्या एकट्या सभासदाच्या नांवावर तो असावा कसा? त्यांनीं एक खासगी विधेयक आणलें. राजकीय पक्षाची नोंदणी करतांना समाजवादावर निष्ठेची शपथ घ्यावी लागते. ज्याला समाजवाद मान्य नाहीं त्यानें पक्ष काढूंच नये कीं काय, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो शब्द कायद्यांतून काढावा ही सूचना. ती मंजूर झाली नाहीं. शपथ खोटी घ्यावयाची नसेल तर ती बदलावी, असा आग्रह धरणारा माणूस सभागृहांत गैरसोयीचाच.

आणि मग ९ मार्च २०१० चा दिवस आला. लोकसभा व विधानसभा यांत स्त्रियांना तृतीयांश जागा राखून ठेवण्याचें घटनादुरुस्ति विधेयक राज्यसभेंत मतास पडलें. आदल्या दिवशींच्या गोंधळाबद्दल सात सभासद निलंबित झाले होते. बाजूनें १८६ मतें पडलीं. विरुद्ध एक. तें एक मत चांदवडला लाख स्त्रियांची सभा भरविणाऱ्या, लक्ष्मीमुक्तीचे उतारे वाटणाऱ्या शरद जोशी यांचें होतें.

त्या वेळीं त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली. त्यांचें म्हणणें स्त्रियांच्या विरुद्ध नव्हतें. राखीव जागा फिरत्या ठेवण्याच्या रीतीविरुद्ध होतें. आज राखीव असलेला मतदारसंघ पुढच्या खेपेस खुला होणार असेल तर निवडून आलेली स्त्री तेथें काम कां रुजवील, आणि ज्या पुरुषाला आपला मतदारसंघ सुटणार हें ठाऊक आहे तो तरी त्याची मशागत कां करील? ठाणें आणि कल्याण-डोंबिवली या महानगरपालिकांचे मतदार असलेल्या आमच्या वाचकांना हा प्रश्न नवा नाहीं. दर निवडणुकीपूर्वीं प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघते, आणि पांच वर्षें गटारें व दिवे यांसाठीं ज्या नगरसेविकेकडे आपण जात होतों तिचा प्रभाग एका चिठ्ठीनें बदलतो. मग कोणाची पत्नी, कोणाची भावजय, अशी शोधाशोध सुरू होते. असें असूनही आम्हांस वाटतें कीं त्यांनीं विरुद्ध मत द्यावयास नको होतें. दोष दाखवून तटस्थ राहतां आलें असतें. जी दारें शतकानुशतकें बंद होतीं तीं थोडीं तिरपीं उघडलीं तरी उघडूं द्यावीं. आमच्या घरांतल्या स्त्रियांचें मत आमच्याहून कडक आहे, तें येथें छापीत नाहीं. लोकसभेंत तें विधेयक तेव्हां पुढें गेलें नाहीं. सप्टेंबर २०२३ मध्यें नव्या रूपानें तें दोन्ही सभागृहांत संमत झालें, राज्यसभेंत २१४ विरुद्ध शून्य अशा मतांनीं; राखीव जागा फिरत्या ठेवण्याची तरतूद त्यांतही आहे, फक्त आतां ती मतदारसंघांच्या पुनर्रचनेशीं जोडली आहे.

जुलै २०१० मध्यें जोशी यांची मुदत संपली. १२ डिसेंबर २०१५ रोजीं पुणें येथें ते वारले. सप्टेंबर २०२० मध्यें संसदेनें शेतमालाच्या व्यापाराचे तीन कायदे केले, त्यांत बाजारसमितीबाहेर विक्रीची मोकळीक होती व साठ्याच्या मर्यादा सैल केल्या होत्या. जोशी जें तीस-चाळीस वर्षें मागत होते त्यांतला बराच भाग. पंजाब-हरियाणांतले शेतकरी त्याविरुद्ध दिल्लीच्या वेशीवर वर्षभर बसले. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०२१ मध्यें जी समिति नेमली तींत शेतकरी संघटनेचे अध्यक्ष अनिल घनवट होते. समितीनें मार्चमध्यें अहवाल दिला. तो प्रसिद्ध होण्यापूर्वींच, नोव्हेंबरांत, कायदे मागें घेतले गेले. घनवट यांनीं पुढें मार्च २०२२ मध्यें तो अहवाल स्वतः लोकांपुढें ठेविला. शेतकऱ्याला बाजार मोकळा हवा कीं हमीभावाची भिंत हवी, याविषयीं दोन प्रांतांतल्या शेतकऱ्यांचें मत किती भिन्न असूं शकतें हें त्या वर्षीं दिसलें. जोशी असते तर त्यांनीं पंजाबच्या शेतकऱ्यांसमोर जाऊन फळ्यावर हिशेब मांडला असता असें आम्हांस वाटतें. त्यांनीं तो ऐकला असता कीं नाहीं, ही गोष्ट निराळी.

कांद्याची हकीकत तर अजून चालू आहे. ८ डिसेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्याची निर्यात बंद केली. ४ मे २०२४ रोजीं ती बंदी उठली, पण तिच्या जागीं शेंकडा ४० निर्यातशुल्क बसलें. सप्टेंबरांत तें २० झालें आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झालें. त्या सोळा महिन्यांत कांदा आपल्या घरीं कोणत्या भावानें आला, हें गृहिणींच्या खर्चाच्या वहींत सांपडेल. लासलगांवच्या बाजारांत तो त्याच दिवशीं कोणत्या भावानें विकला गेला, हें त्याच पानावर शेजारीं लिहून ठेवण्यास फारसे श्रम नाहींत. तेथील भाव वर्तमानपत्रांत येतात.